हैदराबादेत दिलीपला कोणी विचारलं नाही

उन्हाळ्यात हैदराबादला जाऊ नये असं आम्हाला सगळ्यांनी बजावलं होतं. पण वास्तुशांतीचा मुहूर्त उन्हाळ्यातलाच निघाला, त्यामुळे गेलो. आम्ही म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ दिलीप. माझ्या मामेभावाच्या मुलानं कुकटपल्लीला नवा फ्लॅट घेतला होता. मामेभावाचं स्वतःचं बिऱ्हाड चिक्कडपल्लीत, वडिलांच्या काळापासून. कराड ते पुणे एसटी, पुढे रेल्वे, सकाळी हैदराबादचं नामपल्ली स्टेशन. प्रवासाबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

दिलीपबद्दल मात्र आधी लिहायला हवं. तो बावन्न वर्षांचा. लग्न केलं नाही, माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर राहतो. त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्याला बायपोलर आहे. पंचविशीत एकदा त्यानं घरातली सगळी भांडी टेम्पोत घालून कृष्णेच्या घाटावर नेली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाटून टाकली. त्यानंतरचे सहा महिने अंथरुणातून उठला नाही. मग लिथियमची गोळी सुरू झाली, आणि तेव्हापासून त्याला एकदाही दवाखान्यात ठेवावं लागलं नाही. ठरलेल्या मुदतीत रक्त तपासायचं, पाणी भरपूर प्यायचं, जेवणातलं मीठ एकदम तोडायचं नाही, एवढी पथ्यं. आमच्या डॉक्टरांनी त्याला एक सवय लावली आहे. कुठल्याही दवाखान्यात गेलं की स्वतः होऊन सांगायचं, मी लिथियम घेतो. मधुमेहवाले सांगतात तसं. दिलीप ते रक्तगट सांगावा इतक्या सहज सांगतो.

चिक्कडपल्ली

शैलावहिनी, म्हणजे मामेभावाची बायको, दारातच उभी होती. तिची मराठी ऐकायला मला फार आवडते. "या हो या. उन्हात कायकू चालत आलात? ऑटोवाल्यानं कोपऱ्यावर सोडलं होय? लुच्चा हाय तो." या लोकांच्या बोलण्यात "हौ" आणि "नक्को" इतकं मुरलंय की त्यांना ते मराठीच वाटतं. घरात पाटावर बसून वरणभात आणि शेजारी खट्टी दाळ, आंध्राचं लोणचं. आपल्याकडे अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून करतात, इथे तिची आंबट-तिखट चटणी करून गरम भातात तुपाबरोबर कालवतात. मी दोनदा घेतली. दिलीपनं चारदा घेतली आणि डोळ्यांतून पाणी काढत म्हणाला, "ताई, हे खाऊन माणूस हसतो की रडतो ते कळत नाही. माझ्यासाठी बरोबर आहे."

वहिनी आधी दचकली, मग पदर तोंडाला लावून हसली. दिलीप आपल्या आजारावर असे विनोद करतो. ऐकणारा हसला की त्याला बरं वाटतं.

संध्याकाळी इराणी चहा प्यायला गेलो. दुधाळ, दाट, गोड, आणि त्यात बुडवायला खारट-गोड बिस्कीट. कराडला चहा उभ्यानं पितात आणि कामाला लागतात. इथे अर्ध्या कपावर माणसं तास काढतात. दिलीप शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याशी पंख्याच्या मोटारीवर बोलत बसला. "इसका बेरिंग गया है चाचा, आवाज सुनो." म्हाताऱ्यानं हॉटेलवाल्याला हाक मारून ते ऐकवलं. परतताना दिलीप खूश होता.

कुकटपल्ली

वास्तुशांत चांगली झाली. अकराव्या मजल्यावर होम म्हणजे धुराचा प्रश्न. सोसायटीनं आधीच धुराची घंटा बंद करून ठेवली होती, हे मला आवडलं. गुरुजी नांदेडकडचे, मंत्र संस्कृतात, सूचना तेलुगूत, आणि चिडले की मराठीत. जेवण केटररचं. दुपारचं उरलेलं रात्री गरम करून वाढलं, तिथे घात झाला असावा. पाहुण्यांपैकी निम्म्यांची पोटं बिघडली. माझंही बिघडलं, पण थोडक्यात निभावलं.

दिलीपला दुसऱ्या दिवशीही उलट्या आणि जुलाब चालूच राहिले. बाहेर ऊन आग ओकत होतं. मी मीठ-साखरेचं पाणी देत होते, ते पोटात ठरत नव्हतं. आमच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "गोळी थांबवा आणि लगेच मोठ्या हॉस्पिटलात न्या. अंगातलं पाणी कमी झालं की लिथियम रक्तात साठतं. लेव्हल आणि किडनी तपासायला सांगा. नाव घेऊन सांगा." मी त्यांच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं. तोपर्यंत दिलीपचे हात थरथरायला लागले होते. नेहमीची बारीक थरथर असते तशी नव्हे, पेला धरला तर पाणी बाहेर सांडेल अशी. लिफ्टपर्यंत चालताना तो भिंतीला धडकला.

कॅज्युअल्टी

भाच्यानं आम्हाला एका मोठ्या शिकवण्याच्या हॉस्पिटलात आणलं. नाव लिहीत नाही. अशी हॉस्पिटलं सगळीकडे आहेत, आपल्याकडेही. तिथे पहिल्यांदा पेशंटला बघतात ते शिकाऊ डॉक्टर. पंचवीस-सव्वीसची मुलं, डोळे तांबारलेले, गळ्यात स्टेथोस्कोप, खिशात अर्धवट खाल्लेला बिस्किटाचा पुडा. मला त्यांच्याबद्दल आधी मायाच वाटली.

एक उंच मुलगा आला. बाकीचे त्याला चैतन्य म्हणत होते. त्यानं दिलीपलाच विचारलं, "क्या हुआ जी?"

दिलीपची जीभ जड झाली होती, पण सांगायचं ते त्यानं नीट सांगितलं. "उलटी, जुलाब. मैं लिथियम लेता हूँ."

चैतन्यचं पेन थांबलं. त्यानं दिलीपकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळून विचारलं, "ये कब से ऐसे हैं?"

त्या क्षणापासून कोणी दिलीपला काही विचारलं नाही. पोट दुखतंय का, हे मला विचारलं. लघवी झाली का, हे मला विचारलं. तो खाटेवर बसून उत्तरं देत होता आणि ते माझ्या उत्तराची वाट बघत होते. एकानं वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला. "दारू?" हेही मलाच.

मी म्हटलं, लिथियमची लेव्हल तपासा, किडनी तपासा. चैतन्य सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, लिथियम लेव्हल सायकवाले लिखते. वो हमारा टेस्ट नहीं है."

"मग त्यांना बोलवा."

"उनकी ओपीडी बारा बजे बंद होती. कल सुबह."

मी आमच्या डॉक्टरांना फोन लावून त्याच्यापुढे धरला. त्यानं हात मागे घेतला. बाहेरच्या डॉक्टरशी फोनवर बोलायचं नाही असा त्यांचा नियम आहे. केसपेपर मला दिसत होता. सगळ्यात वर, नावाच्याही आधी, लाल पेनानं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: सायक. म्हणजे मनोरुग्ण. एक सलाइन लावलं, उलटीचं इंजेक्शन दिलं, आणि ते पलीकडच्या अपघाताच्या पेशंटकडे गेले.

त्या घोळक्यात एक मराठी मुलगी निघाली, डॉक्टर प्राची, नांदेडची. मला मराठी बोलताना ऐकून तीच जवळ आली. पाणी आणून दिलं, बसायला स्टूल दिलं. तिच्या चांगुलपणाबद्दल मला आजही शंका नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "काकू, टेन्शन घेऊ नका. सायकचे पेशंट असंच करतात. प्रवास झाला, गर्दी झाली, की त्यांना अटेन्शन हवं असतं. लग्न झालंय का यांचं?"

"बाळ, तो पंचवीस वर्षांत असा कधी थरथरला नाही."

"हौ ना, म्हणजे आता पुन्हा उसळलंय."

"तुम्ही हे शिकता ना? मनाच्या आजारांचं?"

ती मोकळेपणानं हसली. "दोन आठवड्यांची पोस्टिंग असते. सही करायची आणि लायब्ररीत जाऊन परीक्षेचा अभ्यास करायचा. सगळेच करतात. सर पण काही म्हणत नाहीत."

आमच्याकडे पुण्याच्या येरवड्याचं नाव घेऊन जशी चेष्टा करतात, तशी इथे एर्रागड्ड्याची करतात. तिथे मनोरुग्णांचं जुनं हॉस्पिटल आहे. दुपारी चैतन्य आणि त्याचा मित्र खाटेपासून चार हातांवर डबा खात बसले होते. मित्र म्हणाला, "पाँच नंबर को एर्रागड्डा का टिकट काट दे ना यार." चैतन्य म्हणाला, "धीरे. बहन बैठी है." त्याला वाटलं मी दुखावेन. पाच नंबरच्या खाटेवरचा माणूस ऐकतोय, हे त्याच्या मनातही आलं नाही.

दिलीप ऐकत होता. मला म्हणाला, "ताई... खिडकीचं... मागू." त्याला खिडकीजवळची सीट म्हणायचं होतं. एक वाक्य जोडायला त्याला फार वेळ लागला. त्यानं केलेला तो शेवटचा विनोद.

त्यानंतर तो भरकटला. सलाइनची नळी ओढू लागला, खाटेवरून उतरू लागला, मला आईच्या नावानं हाका मारू लागला. त्याचे पाय आपोआप झटके देत होते. मी ओरडले, हे त्याचं नेहमीचं नाही, हे वेगळं आहे. चार मुलं धावत आली. दोघांनी खांदे धरले, एकानं दंडात इंजेक्शन टोचलं, वेड्यांना शांत करायचं. चैतन्यनं बँडेजच्या गुंडाळीनं त्याची मनगटं खाटेच्या दांड्याला बांधली. गाठ चांगली बांधली, शिकवल्यासारखी. पलीकडच्या खाटेवर डोकं फुटलेला दारुडा त्याहून जास्त हातपाय आपटत होता. त्याला ते "सर, थोडा रुक जाइए" म्हणत होते.

ओपीडी

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला स्ट्रेचरवर घालून मानसोपचार विभागात पाठवलं. हा विभाग हॉस्पिटलच्या अगदी मागे, धोबीखान्याच्या पलीकडे. वॉर्डबॉयनं स्ट्रेचर दाराशी सोडलं आणि गेला.

डॉक्टर इमरान तिथला तिसऱ्या वर्षाचा शिकाऊ डॉक्टर. तो दाराबाहेर आला, स्ट्रेचरवर वाकला, दिलीपचा हात उचलून सोडला, पायाच्या झटक्यांकडे पाहिलं. खुर्चीवर बसलाही नाही.

"लिथियम पे हैं?"

"हो."

"उलटी-दस्त?"

"हो. कालपासून सांगतेय मी."

"या अल्ला." मग आतल्या नर्सला, "सिस्टर, ब्लड निकालो, अभी, मैं खुद ले के जाता." त्यानं केसपेपर उघडला, आदल्या दिवशी दिलेलं इंजेक्शन वाचलं आणि "ये भी दिया?" म्हणून डोळे मिटून घेतले.

पुढचा सगळा वेळ तो दिलीपला जागा मिळवण्यासाठी भांडत होता. त्याच्या विभागात ना डायलिसिसचं यंत्र, ना रात्रंदिवस लक्ष ठेवणारं कोणी. पेशंट मेडिसिनचा आहे, असं त्याचं म्हणणं. कॅज्युअल्टीचं म्हणणं, कागदावर सायक लिहिलंय, पेशंट तुमचा. स्ट्रेचर आम्हीच ढकलत परत आणलं, तो पुढून आणि मी मागून. आत शिरताच डबा खाणारा तो मित्र म्हणाला, "आ गए पागलों के पीर. क्या इमरान भाई, वापस कायकू लाए? माल वापस नहीं लेते हम."

इमरान रागावला नाही. ऐकून ऐकून सवय झाल्यासारखा म्हणाला, "यार, लिथियम टॉक्सिसिटी है. लेव्हल आने तक तो रख लो. हाथ जोड़ता मैं."

"टॉक्सिसिटी तुमकू दिखती, हमकू तो पागल दिखा."

रिपोर्ट आला तेव्हा चेष्टा थांबली. आकडा मला आठवतो, पण इथे देत नाही. ज्यांना कळतं त्यांना तो खोटा वाटेल. किडनी जवळजवळ थांबली होती. दिलीपला धावत डायलिसिसला नेलं. बँडेज कात्रीनं कापलं, कारण गाठ सुटेना.

बाहेर बाकावर इमराननं मला चहा आणून दिला. मी त्याला विचारलं, "तुम्हाला वाईट नाही वाटत, असं बोलतात ते?"

"मेरे अब्बा आज भी रिश्तेदारों को बोलते, बेटा दिमाग की नसों का डॉक्टर बन रहा है." मग म्हणाला, "मॅडम, एक दिन पहले मेरे पास आते ना..."

वॉर्ड

दिलीप वाचला. शैलावहिनी रोज डबा घेऊन यायची आणि खाटेवर बसून त्याला मऊ भात भरवायची. "खा बाबा, नक्को म्हणू नको." आठवडा गेला, मग दुसरा. डोकं साफ झालं. त्याला सगळं कळत होतं, सगळं आठवत होतं. पण उभं केलं की तो बोटीत उभा असल्यासारखा डोलायचा. चमचा तोंडाऐवजी गालाला लागायचा. बोलणं तुकड्यातुकड्यानं यायचं, प्रत्येक अक्षर वेगळं, मध्ये खड्डे. मेंदूचा तोल सांभाळणारा भाग जळलाय, असं सांगितलं. काही महिन्यांत सुधारलं तर सुधारलं. नाही तर हे असंच. तांब्याची केसासारखी तार स्लॉटमध्ये बसवणारा माणूस. दुकानाचं काय, हे त्यानं विचारलं नाही आणि मी काढलं नाही.

आणि आता त्याच्या खाटेभोवती गर्दी व्हायला लागली. तीच मुलं. रोज दोघं-तिघं यायची. "चाचा, उँगली नाक को लगाइए. चाचा, एड़ी घुटने पे. थँक्यू चाचा." आता ते त्याच्याशी बोलत होते, माझ्याकडे बघतही नव्हते. अशी केस क्वचित मिळते म्हणे. प्राची शहाळं घेऊन आली आणि खाटेच्या कडेला बसली. मग म्हणाली, "काकू, केसपेपरवर वर सायक लिहिलं ना, की पुढचं कोणी वाचत नाही. मी पण नाही वाचलं."

मी शहाळं फोडून दिलीपला दिलं.

सेमिनार रूम

निघायच्या आदल्या दिवशी चैतन्य आला. मोठे सर आठवड्यातून एकदा केस घेतात, शिकाऊंपैकी एकानं पेशंट मांडायचा असतो. या वेळी त्याचा नंबर होता. "चाचा को थोड़ी देर ले जाऊँ? बहुत सीखने को मिलेगा सबको."

मी नाही म्हणाले. स्पष्ट, आणि आवाज चढवून. दिलीपनं माझा हात धरला. त्याला जायचं होतं. कारण त्यानं सांगितलं, त्याला वेळ लागला: "तिथं... सग-ळे... अस-तील."

मी चाकाच्या खुर्चीवरून त्याला नेलं आणि मागे भिंतीशी उभी राहिले. उतरत्या बाकांवर पन्नासएक मुलं, पंखे, पांढरा फळा. चैतन्यनं इस्त्रीचा कोट घातला होता. त्यानं सगळं इंग्रजीत, न अडखळता सांगितलं. पेशंट, वय बावन्न, मनोविकाराचा जुना रुग्ण, उलट्या-जुलाबानंतर कंप आणि तोल जाणे. पहिल्या दिवसाबद्दल तो एवढंच म्हणाला की पेशंट चिडलेला होता, त्याला सुरक्षित करण्यात आलं. सरांनी मान हलवली. इमरान शेवटच्या बाकावर होता. त्याचं नाव कोणी घेतलं नाही.

सर म्हातारे, शांत, चांगले शिकवणारे दिसत होते. त्यांनी विचारलं, "लिथियम किस लिए ले रहे थे?"

"सायकियाट्रिक इलनेस, सर."

"कौनसी?"

चैतन्यनं कागद उलटला. पुन्हा उलटला. मागून कोणीतरी हसू दाबलं. त्याला माहीत नव्हतं. दिलीपला तिथे सतरा दिवस झाले होते, आणि रोज त्याच्या गुडघ्यावर हातोडी मारणाऱ्या चैतन्यला ते माहीत नव्हतं.

"ठीक है, पढ़ लेना," सर म्हणाले. "किडनी पे आते हैं."

तेव्हा दिलीपनं हात वर केला. हात हवेत हेलकावे खात होता. त्यानं दुसऱ्या हातानं तो धरून ठेवला. सर थांबले. खुर्चीपाशी येऊन कमरेत वाकले, अगदी आदरानं. "बोलिए चाचा. क्या बोलना है?"

दिलीपनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या बाकांकडे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. हिंदीतच बोलला, त्यांना कळावं म्हणून.

"गो-ली... से... मैं... अच्-छा... था."

सरांनी सरळ होऊन बोट वर केलं. त्यांचे डोळे चमकत होते. "सुना सबने? हर लफ्ज कैसे टूट रहा है? ये है स्कॅनिंग स्पीच. किताब में पढ़ते हो, आज कान से सुन लो. पीछेवाले, सुनाई दिया?"

मागच्या बाकांवरून "नो सर" आलं.

"चाचा, एक बार फिर. जरा जोर से."

दिलीपनं श्वास घेतला आणि पुन्हा सांगितलं, जरा जोरात. मुलांनी माना खाली घालून वह्यांत लिहून घेतलं.